गवताचे वतन

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट सरकवीत नेले, तर सव्वाशे किलोमीटरांच्या आत पर्जन्यमानाचे जे अवस्थांतर दृष्टीस पडते, ते महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच आढळेल. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माण तालुक्यात, पावसाने पाचशे मिलिमीटरांची मजल गाठली तर शेतकरी ते साल बरे गेले असे म्हणतो. या दोन्ही टोकांना निसर्गाने, निरनिराळ्या कारणांनी का होईना, गवताचेच राज्य दिले आहे. पश्चिमेस सातारा शहराच्या डोक्यावर कासचे पठार, आणि पूर्वेस माण-खटावपासून थेट सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ, जत येथवर पसरलेले माणदेशाचे माळ. कासला २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाला आणि तिथे माणसांची रीघ लागली. माणदेशाच्या माळाला मात्र आपण आजही पडीक म्हणतो, आणि जे पडीक आहे त्याचे काहीतरी करून टाकलेच पाहिजे अशा घाईने त्याच्याकडे पाहतो. ही घाई अनर्थकारक आहे असे माझे स्पष्ट मत असून, ते का आहे हे वाचकांपुढे मांडावे असा या लेखाचा हेतू आहे.

माळावर झाडे नाहीत म्हणजे ती कोणीतरी तोडून नेली असली पाहिजेत, हा आपला दृढ समज. काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु सर्वत्र तो लागू करणे म्हणजे जमिनीचा आणि हवेचा स्वभावच नाकारणे होय. माणदेशात काळ्या पाषाणावर वीतभर मुरमाड माती, त्यावर मोजका आणि लहरी पाऊस, आणि वर्षातले आठ महिने रखरखीत ऊन. अशा भूमीत खोल मुळांचे आणि दाट पानांचे झाड तगत नाही. तगते ते गवत, कारण त्याचा जीव पात्यात नसून जमिनीलगतच्या बुंध्यात असतो आणि वरचे सगळे वाळले, चरले गेले वा जळले तरी पहिल्या वळिवाबरोबर ते पुन्हा फुटते. कासला पाण्याची वाण नाही, पण तिथे जांभ्याच्या सलग थरावर माती इतकी पातळ आहे की पावसाळ्यात ती चिखल होते आणि उन्हाळ्यात भाजून निघते. एके ठिकाणी पाणी कमी, दुसऱ्या ठिकाणी माती कमी; वृक्षाला दोन्हीकडे मज्जाव, आणि म्हणून दोन्हीकडे गवताचे वतन.

हे वतन आजकालचे नाही, याचा पुरावा मोठा रोचक आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी वाङ्मयाचा, म्हणजे चरित्रग्रंथ, स्थळमाहात्म्ये, ओव्या आणि लोककथा यांचा, त्यांत उल्लेखिलेल्या रानवनस्पतींच्या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. अशा ४४ वनस्पती त्यांना सापडल्या, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश वनस्पती दाट अरण्यातल्या नसून उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातल्या होत्या. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या माणसानेही देशावरच्या या भागात बाभळी-बोरी आणि गवतच पाहिले होते, असा याचा अर्थ. देवांच्या आणि संतांच्या गोष्टी सांगताना कोणीतरी वाटेवरच्या झुडपाचे नाव सहज घेऊन गेला, आणि ते नाव आज भूगोलाच्या कामी आले, ही गोष्ट मला फार समाधान देते.

माळावरच्या गवतांना नावे आहेत, आणि ती नावे गुराख्यांना अजून येतात: पवना, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी, हरळी. त्यांतली कुसळी सर्वांना ठाऊक असते ती धोतराला आणि पायमोज्यांना चिकटून टोचते म्हणून. परंतु दिवाळीनंतर तिचे एक वाळलेले कुसळ खुडून तळहातावर घ्यावे आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. पीळ घातलेली ती काळसर लांब शेपटी पाणी लागताच हळूहळू उलगडू लागते आणि उलगडता उलगडता गोल फिरते. तिच्या टोकाशी असलेले अणकुचीदार बी त्या फिरण्याने गिरमिटासारखे पुढे रेटले जाते. बियाच्या टोकावरचे बारीक केस मागे वळलेले असल्याने एकदा मातीत शिरलेले बी उलटून बाहेर येत नाही. रात्रीच्या दवाने शेपटी उलगडते, दिवसाच्या उन्हाने पुन्हा पीळ घेते, आणि या आवर्तनांत बी कठीण मुरमातही आपली जागा करून घेते. नांगर नको, पेरणी नको. ज्या जमिनीला आपण नापीक म्हणतो तिच्यात स्वतःची पेरणी स्वतः करणारे हे पीक आहे.

आणि या पिकावर पोसणारा संसार काही लहान नाही. लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, ससा, साळिंदर, घोरपड हे त्याचे चतुष्पाद खातेदार. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, तित्तिर, लावा हे जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी. धाविकाचे अंडे मातकट रंगाचे, त्यावर काळपट ठिपके. दोन हातांवर उभे राहूनही ते खड्यांतून निवडून काढता येत नाही, आणि म्हणूनच ट्रॅक्टरचे चाक वा चर खणणाऱ्या यंत्राचा फाळ त्याच्यावरून गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. हिवाळ्यात मध्य आशियाच्या बाजूने भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने, पंख किंचित वर उचलून, ते तासन् तास टोळ आणि उंदीर हुडकीत घिरट्या घालतात आणि रात्री गवतातच जमिनीवर वस्ती करतात. माळ गेला तर त्यांनी बसावे कुठे, हा प्रश्न आहे. तो काल्पनिक नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माळढोकासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर इतका अवाढव्य होता, त्यात गावे, शेते, सडका सारेच आले होते, आणि २०१२ साली तो १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावा लागला. दरम्यान माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसाच झाला. हुकूमनाम्याने पक्षी वाचत नाही. त्याला रोजचे, अखंड, विनाव्यत्यय गवत लागते.

या संसारातील मुख्य माणूस म्हणजे धनगर. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ ज्या मुलखातली, तो औंध संस्थानाचा मुलूख हाच. येथली मेंढरे पावसाळाभर माणदेशात असतात, कारण कोकणातला पाऊस त्यांना सोसत नाही. दिवाळी झाली की कळप घाटमाथ्याच्या आणि कोकणाच्या वाटेला लागतात, आणि मृगाच्या सुमारास परततात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो. वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून रात्रभर मेंढरे एका जागी राहिली की सकाळी त्या शेतात खत पडलेले असते, आणि मेंढक्याला त्याबद्दल धान्य वा पैसे मिळतात. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाने आपल्या नावाची मेंढी दिली, आटपाडी महालाने खिलार बैलाची एक नामांकित जात दिली, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत त्याच खिलारांचा बाजार भरतो. ही सारी संपत्ती माळाच्या गवतातून उभी राहिली आहे, हे महसुलाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

धनगर आणि लांडगा यांचे वैर जुने आहे, ते लपवण्याचे कारण नाही. लांडगा कोकरू उचलतो आणि मेंढक्याचे नुकसान होते. परंतु ज्या मुलखात मेंढरे टिकली त्याच मुलखात लांडगाही टिकला, ही वस्तुस्थिती विचार करण्याजोगी आहे. चरणीने गवत आखूड राहते, आखूड गवतात ससे आणि उंदीर सापडतात, उघड्या माळावर ओढ्याच्या दरडीत लांडग्याला बीळ करता येते. माळ नांगरला गेला की दोघांचीही उचलबांगडी एकदमच होते. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा आणि रक्कम हातात पडणे यांतील अंतर जितके कमी होईल, तितके लांडग्याचे आयुष्य वाढेल. या बाबतीत व्याख्यानांपेक्षा वेळेवर आलेल्या पैशाचा उपयोग अधिक.

आता जमिनीच्या दप्तराकडे वळू. मराठेशाहीत सरकारी घोड्यांसाठी आणि गुरांसाठी कुरणे राखून ठेवलेली असत, आणि राखलेल्या कुरणात विनापरवाना शिरणे हा अपराध होता. म्हणजे गवताला किंमत होती. इंग्रजी अंमलात जमिनीची मोजणी सारा किती येईल या एका हिशोबाने झाली, आणि ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पड, पोटखराबा किंवा फार तर गायरान म्हणून नोंदली गेली. स्वराज्यातही तीच नोंद चालू राहिली. देशातील पडीक जमिनींचे जे अधिकृत नकाशासंग्रह २००० सालापासून प्रसिद्ध झाले, त्यांतही झुडपी आणि गवताळ जमिनीचा मोठा भाग पडीक म्हणूनच रंगवलेला आहे. एकदा नोंद अशी पडली की पुढचे सारे ओघानेच येते. कोणी तिथे ग्लिरिसिडियाची लागवड करतो, कोणी समतल चर खणतो, कोणी अतिक्रमण करतो, आणि आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शासकीय गायराने दिली जात आहेत. यांतील प्रत्येक कामामागे हेतू चांगला असू शकतो. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला कोण विरोध करील? टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी पिढ्यान्‌पिढ्या तहानलेल्या रानांत पाणी नेले, त्याचा आनंद मलाही आहे. आटपाडीचे डाळिंब त्या भूमीच्या माणसांनी घाम गाळून पिकवले आहे. परंतु शेतीयोग्य रान वेगळे आणि गावच्या जनावरांचा सामाईक माळ वेगळा. सामाईक माळाला धनी सारे गाव असते, आणि म्हणून त्याची बाजू मांडायला कोणीच उभा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी देशभरच्या राज्यांना आदेश दिले, ते याच दुखण्यावर होते.

याच्या अगदी उलट दिशेने गेलेले एक उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे, आणि ते आदरानेच सांगितले पाहिजे. कृष्णाकाठच्या पट्ट्यात देवराष्ट्रे गावाजवळच्या उघड्या डोंगरांवर स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी लोकांना हाताशी धरून झाडे लावली, तारेचे कुंपण घातले, हरणे आणवली, आणि त्यातून १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार अवघा १०.८७ चौरस किलोमीटर; आत सांबर, चितळ आणि काळवीट. मनुष्याने निर्धाराने उभे केलेले अभयारण्य म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे, आणि जुन्या देवळांच्या शेजारी संध्याकाळी काळविटांचा कळप पाहिलेला माणूस ते दृश्य विसरत नाही. पण बारमाही पाण्याचा अभाव, कुंपणात वाढलेली हरणांची संख्या आणि कुंपणाबाहेर पडून उसात-मक्यात शिरणारी जनावरे हे प्रश्नही त्या निर्मितीबरोबरच जन्मास आले. मोहित्यांच्या कार्याचे अनुकरण करायचे तर त्यांच्या चिकाटीचे करावे; प्रत्येक माळावर झाडे लावणे हे त्याचे अनुकरण नव्हे.

अधिक आशादायक वाट मला संवर्धन राखीव क्षेत्रांची वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. अभयारण्यापेक्षा तिचे बंधन सौम्य आहे: जमीन शासनाची असावी लागते, जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो, आणि व्यवस्थापनाच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. खटाव तालुक्यात मायणीचा जुना तलाव आणि परिसर, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरत म्हणून गावाचे नाव दूरवर गेले, तो असा राखीव झाला. आणि २०२३ साली आटपाडी येथे ९.४८ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र, लांडग्याचे वसतिस्थान डोळ्यांपुढे ठेवून, संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. साडेनऊ चौरस किलोमीटर म्हणजे लांडग्याच्या एका कळपालाही अपुरे. तरीही माणदेशातील माळाला माळ म्हणून मान्यता मिळण्याचा हा प्रारंभ आहे.

साताऱ्याच्या नैऋत्येस, ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे जंगल उभे आहे. वाऱ्याची वीज निर्धोक, असे आपण धरून चालतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो या समजुतीला सावध करतो. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या परिसरातून ते निघून गेल्यामुळे तिथे सरड्यांची संख्या वाढली, आणि गर्दी वाढल्याने सरड्यांची रीतच बदलली: ते माणसाला पूर्वीइतके लवकर बुजेनासे झाले, त्यांची अंगकाठी खालावली, नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. हा सरडा पाहण्यासारखा असतो. पावसाच्या तोंडाशी, वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात, नर एखाद्या उंचशा धोंड्यावर चढून बसतो, आणि एरवी मातीत मिसळून जाणारा तो प्राणी गळ्याखालची निळी-काळी-नारिंगी झालर पंख्यासारखी उघडमीट करू लागतो. त्याच्या प्रजातीला २०१६ साली शास्त्रीय नाव मिळाले तेही आपल्या मराठी सरड्यावरूनच. वाऱ्याच्या चक्क्या नकोत असे मी म्हणत नाही. परंतु त्या जिथे उभ्या राहतात ती जागा रिकामी होती असे पुन्हा कोणी म्हणू नये.

कासविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पती, भाद्रपद-आश्विनात एकामागून एक येणारे रंगांचे ताटवे, सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. मला त्यांत सर्वांत विलक्षण वाटते ती सीतेची आसवे. नखाएवढे जांभळे-निळे फूल, आणि खाली ओल्या मातीत दडलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्या. पाण्यातील बारीक जीव त्यांत ओढले जातात आणि वनस्पती त्यांचे पोषण घेते, कारण जांभ्यावरच्या त्या निकृष्ट मातीत नत्र जवळजवळ नसतेच. दारिद्र्यातून काढलेली ही युक्ती पाहायला गुडघे टेकून बसावे लागते. आणि नेमके तेच न करता माणसे छायाचित्रासाठी ताटव्यात आडवी होतात, तेव्हा त्या पिशव्यांसकट सगळे पायाखाली जाते. कास, आटाळी, एकीव आणि कासाणी या गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क, वाहनतळ, आगाऊ नोंदणी अशी व्यवस्था लावली, दिवसाकाठी किती माणसे सोडावीत याला मर्यादा घातली, आणि त्यातून गावच्या तरुणांना काम मिळाले, हे श्रेय त्यांचे. पठाराला एके काळी तारेचे कुंपण घातले होते. गुरे चरण्याचे थांबल्याने उंच गवत माजले आणि फुले मागे हटली अशी गावकऱ्यांची व अभ्यासकांची तक्रार झाली, आणि ते कुंपण पुढे काढण्यात आले. चरणी म्हणजे नाश, हे समीकरण किती अपुरे आहे ते यावरून दिसते. प्रमाणात चरणारे गुरू हे पठाराच्या व्यवस्थेचाच भाग असते.

अमेरिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तिथल्या मध्यभागातील अफाट गवताळ मैदाने विसाव्या शतकाच्या आरंभी नांगराखाली आली, आणि १९३० नंतरच्या अवर्षणात त्यांची माती वादळांबरोबर उडून गेली. शेतकरी देशोधडीला लागले. तेव्हा सरकारने १९३७ च्या कायद्यान्वये उद्ध्वस्त झालेल्या जमिनी खरेदी करून पुन्हा गवताखाली आणल्या, आणि १९६० साली त्यांतील काही राष्ट्रीय गवताळ प्रदेश म्हणून घोषित केल्या. आज असे २० प्रदेश त्यांच्या वनखात्याकडे आहेत. तिथे परवाना घेऊन गुरे चरतात, लोक पायी आणि घोड्यावरून भटकतात, पक्षी पाहतात, आणि कुत्र्याप्रमाणे भुंकणारी बिळातली खारही तिथेच नांदते. नांगरण्याची चूक करून, मग पैसा मोजून, त्यांनी जे परत मिळवले, ते आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

विरंगुळ्यासाठी माणदेशात कोणी जात नाही, आणि एका परीने ते बरेही आहे. परंतु ज्याला कोणी पाहत नाही त्याच्या बाजूने कोणी बोलतही नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली, ठरलेल्या वाटा, ठरलेली वाहने आणि गावचेच वाटाडे अशी. माण, आटपाडी, जत येथेही, लहान प्रमाणावर आणि गावाच्या हाती कारभार ठेवून, हे करता येईल. अट एकच: लांडग्याच्या बिळापर्यंत गाडी नेणारा वाटाड्या पहिल्याच दिवशी कामावरून दूर करावा.

वाचकांना माझी विनंती अशी. तुमचे गाव या दोन जिल्ह्यांत असेल, तर तलाठ्याकडे जाऊन गावाच्या गायरानाचा सातबारा मागा, त्याचे क्षेत्र किती आणि त्यातले उरले किती ते पाहा, आणि ते दुसऱ्या कामाला देण्याचा ठराव येईल त्या ग्रामसभेला हजर राहा. वृक्षारोपणाचा उत्साह असेल तर तो बांधावर, ओढ्याच्या काठी, शाळेच्या आवारात खर्ची घाला. गवताळ माळावर खड्डे खणू नका. फाल्गुनात माळाला काडी लावणाऱ्याला थांबवा. आणि कासला जाण्याचा बेत कराल त्या वर्षी एक दिवस म्हसवड-आटपाडीच्या रस्त्यासाठीही ठेवा. पौषातल्या सकाळी, सोबत माहीतगार धनगर घेऊन, वाहन सडकेवर उभे करून, पायी जा.